स्वतःला मोडणारे यंत्र

(यंत्राने उपयोगी पडावे आणि अचूक चालावे, अशी आपली अपेक्षा असते. परंतु यंत्रांना खेळकर बनवणारा आणि त्यांना चुकण्याची मोकळीक देणारा एक शिल्पकार विसाव्या शतकात होऊन गेला. त्याची व त्याच्या एका विलक्षण शिल्पाची हकीकत प्रस्तुत पाठात सांगितली आहे.)

स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाइन नदीच्या काठी बाझेल नावाचे एक जुने नगर आहे. नगराच्या आसपास वने आहेत आणि त्या वनांतून लहानलहान ओढे वाहतात. इ. स. १९३७ च्या सुमाराची गोष्ट. बारा वर्षांचा एक मुलगा सवड मिळाली की अशाच एका ओढ्याकाठी जाऊन बसे. तेथे तो लहान पाणचाके तयार करी व ती वाहत्या पाण्यात मांडी. पाण्याच्या जोराने चाक फिरू लागले, की त्याच्या कण्यावर बसवलेली खुंटी एक लहानशी हातोडी उचले आणि सोडून देई. हातोडी खाली येई ती एखाद्या रिकाम्या डब्यावर. टण्! चाक पुन्हा फिरे, खुंटी पुन्हा हातोडी उचले. टण्!

एका चाकाने त्या मुलाचे समाधान झाले नाही. ओढ्याच्या कडेकडेने त्याने कित्येक चाके मांडली. प्रत्येक चाकाचा वेग निराळा. म्हणून प्रत्येक हातोडीचा ताल निराळा आणि प्रत्येक डब्याचा सूरही निराळा. त्या निर्जन वनात पाण्याने चालवलेली एक गमतीची मैफलच सुरू होई. ती चाके फार दिवस टिकत नसत. परंतु जोवर ती फिरत, तोवर सारे वन जणू त्यांच्या नादाने बोलू लागे.

त्या मुलाचे नाव झाँ टिंगेली. त्याचा जन्म २२ मे १९२५ रोजी स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर या गावी झाला व बालपण बाझेल येथे गेले. पुढे तो नामांकित शिल्पकार झाला. परंतु त्याची शिल्पे म्हणजे ओढ्याकाठच्या त्या खेळाचाच विस्तार होता, असे म्हटले तरी चालेल.

तरुणपणी टिंगेलीने बाझेलमधील एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजवण्याचे काम शिकून घेतले. त्याचबरोबर तो कलाशाळेतही जात असे. तो चित्रे काढी. पण त्याची एक विचित्र अडचण होती. चित्र पुरे झाले, असे त्याला कधी वाटतच नसे. तो एका रंगावर दुसरा रंग चढवी, दुसऱ्यावर तिसरा चढवी. हात थांबवावा कोठे, हेच त्याला उमगत नसे. तेव्हा त्याने विचार केला, चित्र जर थांबायला तयार नसेल, तर ते चालतेच का ठेवू नये? जे सतत हलते, ते सतत बदलते. आणि जे सतत बदलते, त्याला पुरे करण्याची चिंता कशाला?

मुलांनो, शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडाची किंवा धातूची स्थिर मूर्ती उभी राहते. ती आज जशी आहे तशीच उद्याही असणार, शंभर वर्षांनीही असणार, अशी आपली कल्पना असते. विसाव्या शतकातील काही कलावंतांनी मात्र शिल्पाला गती दिली. अमेरिकेतील अलेक्झांडर काल्डर याने पत्र्याचे हलके तुकडे तारांना टांगून अशी शिल्पे केली, की ती वाऱ्याच्या झुळकेने सावकाश डोलत. अशा शिल्पांना गतिशिल्पे म्हणतात. काल्डरने वाऱ्याची मदत घेतली; टिंगेलीने यंत्राची घेतली.

इ. स. १९५० नंतरच्या काही वर्षांत टिंगेली पॅरिस येथे जाऊन राहिला. तेथे त्याने तारा वाकवून चाके बनवण्यास आरंभ केला. या चाकांचा विशेष नीट समजून घेतला पाहिजे. घड्याळातील चाकांना दाते असतात. एका चाकाचा दाता दुसऱ्या चाकाच्या खाचेत नेमका बसतो. म्हणून घड्याळ एकाच गतीने चालते आणि वेळ बरोबर दाखवते. चाक थोडे जरी सैल झाले, तरी घड्याळजी ते तत्काळ घट्ट करतो. टिंगेलीने याच्या अगदी उलट केले. त्याने आपली चाके मुद्दाम सैल बसवली. तारेचा एक दाता दुसऱ्यात कधी अडके, तर कधी घसरून जाई. चाक कधी पुढे सरके, कधी अडखळे आणि कधी एकदम उसळी मारी. ते पुढच्या क्षणी काय करील, हे चाक बनवणाऱ्यालाही सांगता येत नसे. अशा रीतीने टिंगेलीने यंत्राच्या पोटात योगायोगाला जागा करून दिली.

याच युक्तीने त्याने पुढे चित्रे काढणारी यंत्रे तयार केली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध यंत्रे १९५९ सालची आहेत. पाहणाऱ्याने यंत्रावर कागद लावायचा, आवडीच्या रंगाची लेखणी यंत्राच्या हातात बसवायची आणि यंत्र सुरू करायचे. मग तो लोखंडी हात थरथरू लागे, झटके देई आणि कागदावर वेड्यावाकड्या रेषांचे जाळे विणी. या यंत्रांनी हजारो चित्रे काढली. परंतु चाके सैल आणि पट्टे घसरणारे, त्यामुळे हुबेहूब तेच चित्र पुन्हा निघणे अशक्यच होते. कारखान्यातील यंत्र एकाच छापाच्या हजार वस्तू काढते. टिंगेलीचे यंत्र मात्र प्रत्येक वेळी नवी वस्तू काढी. लोकांना हसू येई, आणि हसता हसता त्यांच्या मनात प्रश्नही उभा राही. हे चित्र कोणाचे? यंत्र बनवणाऱ्याचे, कळ दाबणाऱ्याचे, की यंत्राचे?

इ. स. १९६० च्या जानेवारीत टिंगेली जहाजाने अमेरिकेस निघाला. आकाशाला भिडणाऱ्या इमारतींचे, रात्रंदिवस धावणारे न्यूयॉर्क शहर तो पहिल्यानेच पाहणार होता. समुद्रप्रवासात त्याच्या मनात एक अद्भुत कल्पना आली. या शहराला आपण एक यंत्र अर्पण करावे. ते सर्वांसमक्ष चालावे, गावे, चित्रे काढावी आणि अखेर स्वतःच स्वतःला मोडून टाकावे! जे शहर जुने पाडून सतत नवे बांधत असते, त्याला याहून योग्य भेट कोणती? या यंत्राला त्याने ‘न्यूयॉर्कला अभिवादन’ असे नाव दिले.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या बागेत हा प्रयोग करण्यास संमती दिली. यंत्राचे साहित्य विकत आणण्याऐवजी टिंगेली शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील कचऱ्याच्या ढिगाऱ्यांत हिंडला. लोकांनी टाकून दिलेली सुमारे ८० चाके त्याने जमवली. जुना पियानो, आंघोळीचा टब, लहान मुलाची ढकलगाडी, पाकिटांवर पत्ते छापण्याचे मोडके यंत्र, धातूची पिंपे अशा नाना वस्तू गोळा झाल्या. बिली क्लूव्हर नावाचा एक अभियंता त्याच्या मदतीस धावून आला. तो दूरध्वनीविषयी संशोधन करणाऱ्या एका प्रख्यात प्रयोगशाळेत काम करीत असे. संग्रहालयाच्या बागेतच एक घुमटाकार मंडप उभा होता. त्या मंडपात सुमारे तीन आठवडे थंडीवाऱ्याची पर्वा न करता हे काम चालू होते.

हळूहळू यंत्र आकारास आले. त्याची लांबी २३ फूट आणि उंची २७ फूट झाली. एवढे मोठे धूड टिंगेलीने पांढऱ्या रंगाने रंगवले. त्यामुळे ते भंगार एखाद्या स्वप्नातील वस्तूप्रमाणे हलके दिसू लागले. यंत्र चालवण्यासाठी १५ विद्युत्मोटारी बसवल्या होत्या. कोणती मोटार केव्हा सुरू व्हावी, याची व्यवस्था क्लूव्हरने केली. यंत्र अखेरीस कोसळावे कसे, याचाही त्याने विचार करून ठेवला होता. यंत्राच्या आधाराच्या दांड्यांचे काही सांधे लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचे केले होते. विजेने तारा तापल्या की सांधे वितळावे आणि यंत्र खाली बसावे, अशी ती योजना. मोडण्यासाठी केलेले हे यंत्र जोडताना किती बुद्धी खर्ची पडली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रॉबर्ट राउशेनबर्ग या चित्रकारानेही आपल्या वतीने एक छोटेसे उपकरण आणून दिले. त्यात स्प्रिंगांमध्ये चांदीचे डॉलर अडकवले होते. थोडी दारू उडाली की ते चोहोकडे उधळले जावेत, अशी त्यातील करामत होती!

दिनांक १७ मार्च १९६० चा तो दिवस. संध्याकाळी निमंत्रित पाहुणे थंडीत कुडकुडत बागेत उभे होते. यंत्र सुरू झाले. चाके गरगरू लागली, पिंपांवर आघात होऊ लागले, पियानोवर लोखंडी हात पडू लागले. काचेच्या बाटल्या खाली पडून खळ्कन फुटल्या व त्यांतील द्रवाची दुर्गंधी पसरली. टबातून पांढऱ्या धुराचे लोट उठले आणि पाहुणे त्यात दिसेनासे झाले. चांदीचे डॉलर उडाले. पियानोने पेट घेतला. तरी तो वाजतच राहिला.

परंतु सारे ठरल्याप्रमाणे घडले का? मुळीच नाही. चित्रे काढणाऱ्या भागाचा पट्टा उलटा बसवला गेला होता. त्यामुळे कागदाची लांबलचक पट्टी बाहेर येण्याऐवजी उलट गुंडाळली गेली. पियानोचे थोडेच सूर वाजत राहिले; ते मात्र खिन्नपणे पुन्हा पुन्हा वाजत होते. फुटण्यासाठी बसवलेला मोठा फुगा फुटला नाही. यंत्राला जोडलेली एक लहान गाडी कर्कश आवाज करीत बाहेर पडली ती थेट माणसांच्या दिशेने. यंत्राचे धूड वाकले. पण पूर्णपणे कोसळले नाही.

एखाद्या कारखान्यात असा प्रकार घडता, तर मालकाने कपाळाला हात लावला असता. टिंगेलीने तसे केले नाही. यंत्राला स्वातंत्र्य द्यायचे, तर त्याच्या चुकाही पदरात घेतल्या पाहिजेत, हे तो जाणून होता. आपण कल्पना केली त्याहून निराळे काही घडावे, याचसाठी तर त्याने योगायोगाला आमंत्रण दिले होते.

तथापि एक क्षण असा आला, की तेव्हा त्याने योगायोगावर विसंबून राहणे नाकारले. आग विझवण्याचे एक नळकांडे पियानोच्या आत लपवून ठेवले होते. ठरलेल्या वेळी त्याने उडावे, अशी योजना होती. आता पियानो धडाडून पेटला होता. नळकांडे आत तापत राहिले आणि त्याचा स्फोट झाला, तर काय होईल? समोर माणसे उभी होती. टिंगेलीला धोका उमगला. त्याने अग्निशामक दलाच्या माणसाकडून आग विझवण्याची तजवीज केली. जवानाने पुढे होऊन आग विझवली, तेव्हा खेळ रंगात आलेला पाहून प्रेक्षकांनी नापसंतीचा ओरडा केला. परंतु टिंगेलीचा निर्णय योग्यच होता. यंत्राला मोकळीक दिली, तरी माणसांच्या जिवाची जबाबदारी यंत्र बनवणाऱ्याच्या शिरावरच राहते.

अशा रीतीने सुमारे २७ मिनिटांत सारा खेळ आटोपला. बागेत उरले ते काळवंडलेले लोखंड आणि चिखल. पाहुण्यांपैकी कित्येकांनी त्यातील एकेक तुकडा आठवण म्हणून उचलला. यंत्राचा एक अवशेष त्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेला आहे.

तीन आठवडे राबून केलेली वस्तू अर्ध्या तासात नाहीशी झाली, मग मिळवले काय, असे तुमच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. परंतु अंगणातील रांगोळीचा विचार करा. संध्याकाळपर्यंत ती पुसली जाणार, हे ठाऊक असूनही आपण ती मन लावून काढतो. गाण्याचा सूर तर उमटताच विरून जातो. म्हणून त्यांचे मोल कमी होते काय? पुन्हा दिसणार नाही, असे कळले की माणूस डोळ्यांत प्राण आणून पाहतो. त्या संध्याकाळी बागेत उभे असलेले लोक कधी नव्हे इतक्या लक्षपूर्वक एका यंत्राकडे पाहत होते. एरवी आपण यंत्रे वापरतो. त्यांच्याकडे पाहतो कोठे?

पुढेही टिंगेलीने अनेक यंत्रशिल्पे केली. इ. स. १९६७ मध्ये त्याने एक असे यंत्र बनवले, की ते चेंडू बाहेर फेकी आणि प्रेक्षकांनी ते पुन्हा त्याच्या तोंडात टाकावे लागत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या यंत्रात रिकाम्या बाटल्या एकामागून एक पुढे सरकत आणि हातोडा त्यांचा चुरा करी. वस्तू तयार करायच्या, त्या वापरून फेकायच्या आणि पुन्हा नव्या तयार करायच्या, या माणसाच्या उद्योगाची ती थट्टा होती. कारखान्यात बाटल्या बनवणारे यंत्र पाहून आपल्याला नवल वाटत नाही. त्या फोडणारे यंत्र समोर आले, की मात्र आपण विचार करू लागतो.

टिंगेलीची सर्वच शिल्पे स्वतःला मोडणारी नव्हती. बाझेलमधील जुने नाट्यगृह पाडण्यात आले, तेव्हा त्याच्या रंगमंचाचे लोखंडी भाग टिंगेलीने मिळवले. त्यांतून त्याने १९७७ मध्ये त्याच जागेजवळ एक कारंजे उभारले. उथळ पाण्यात काळीभोर यंत्रे उभी आहेत. कोणी पाणी उपसते, कोणी फवारा उडवते, तर कोणी उगाच मान हलवते. कडाक्याच्या हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ साचते व प्रत्येक यंत्राचे रूप पालटून जाते. पॅरिस येथेही त्याने निकी द सँ फाल या शिल्पकर्तीच्या साहाय्याने १९८३ मध्ये असेच एक कारंजे उभारले.

इ. स. १९९१ मध्ये टिंगेलीचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९६ मध्ये, बाझेल येथे ऱ्हाइनच्या काठी त्याच्या शिल्पांचे स्वतंत्र संग्रहालय उघडण्यात आले. या संग्रहालयापुढे एक अवघड प्रश्न आहे. दगडी मूर्तीला हात लावू नका, असे सांगितले की ती सुरक्षित राहते. टिंगेलीचे यंत्र मात्र चालवले तर झिजते आणि थांबवले तर त्यातील प्राणच जातो. म्हणून तेथील यंत्रे सतत चालवत नाहीत. मधूनमधून त्यांना विश्रांती देतात, आणि मग पुन्हा चाके खडखडू लागतात, हातोड्या पडू लागतात.

तो आवाज ऐकून बारा वर्षांच्या त्या मुलाची आठवण होते. ओढ्यातील त्याची पाणचाके केव्हाच वाहून गेली. परंतु हातोडीचा तो ‘टण्’ असा नाद त्याच्या गावात अजून थांबलेला नाही.

शब्दार्थ

पाणचाक – पाण्याच्या प्रवाहाने फिरणारे चाक
कणा – ज्याच्याभोवती चाक फिरते तो दांडा
घड्याळजी – घड्याळे दुरुस्त करणारा
योगायोग – आधी न ठरवता घडून आलेली गोष्ट
मिश्रधातू – दोन किंवा अधिक धातू एकत्र करून बनवलेला धातू
धूड – प्रचंड आकाराची वस्तू
अवशेष – मागे उरलेला भाग
तजवीज – व्यवस्था

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टिंगेलीच्या पाणचाकातून आवाज कसा निघत असे?
(आ) चित्र काढताना टिंगेलीला कोणती अडचण येई?
(इ) न्यूयॉर्कमधील यंत्राचे साहित्य कोठून आणले होते?
(ई) टिंगेलीचे संग्रहालय कोणत्या नदीच्या काठी आहे?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) घड्याळातील चाके आणि टिंगेलीची चाके यांत कोणता फरक आहे?
(आ) १७ मार्च १९६० रोजी कोणकोणत्या गोष्टी ठरल्याप्रमाणे घडल्या नाहीत?
(इ) टिंगेलीने आग विझवण्याची तजवीज का केली? त्याचा निर्णय तुम्हांस पटतो काय?

३. कारणे द्या.
(अ) टिंगेलीच्या यंत्रांनी काढलेली दोन चित्रे सारखी नसत.
(आ) संग्रहालयातील यंत्रे सतत चालवत नाहीत.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
कपाळाला हात लावणे, पदरात घेणे, डोळ्यांत प्राण आणून पाहणे, मदतीस धावून येणे.

५. ‘टण्’, ‘खळ्कन’ हे शब्द ध्वनीवरून बनले आहेत. असे आणखी पाच शब्द लिहा.

६. ‘जी वस्तू टिकत नाही, तिच्यासाठी श्रम करणे व्यर्थ आहे.’ या विधानाच्या बाजूने व विरुद्ध प्रत्येकी पाच वाक्ये लिहून वर्गात वाचून दाखवा.

७. उपक्रम : बांबूच्या कामट्या व पुठ्ठा यांचे एक लहान पाणचाक तयार करा. वडील माणसांना बरोबर घेऊन ते नळाच्या धारेखाली किंवा उथळ पाटात फिरवून पाहा. पाण्याची धार कमीअधिक केल्यावर चाकाच्या गतीत काय फरक पडतो, याची नोंद करा.